१६ बिटची फाइल मागताय, मग डिदरही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगीत स्पर्धा, अभंगांचे अल्बम, नाटकाचे पार्श्वसंगीत, जुन्या मैफलींच्या सीडी अशा कामांसाठी कलाकारांना आणि छोट्या स्टुडिओंना जे सूचनापत्रक मिळते, त्यात ध्वनीबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल पाठवावी.’ ओळ चुकीची नाही, पण अर्धवट आहे. ध्वनिमुद्रण आज सर्रास २४ बिटमध्ये होते आणि मिक्सिंगचे सॉफ्टवेअर पोटात ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश चिन्ह सरकवत मोजणाऱ्या आणखी बारीक आकड्यांत, हिशेब करते. तिथून १६ बिटवर उतरताना खालचे बिट टाकून द्यावेच लागतात. ते कसे टाकायचे, याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नसते. परिणामी अनेक फाइल नुसत्या छाटून पाठवल्या जातात आणि जे हलके, नाजूक आहे त्याचीच हानी होते. ही हानी टाळण्याच्या साध्या उपायाला डिदर म्हणतात. तो जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो, फक्त नीट वापरावा लागतो.

१६ बिट म्हणजे आवाजाची उंची मोजायला ६५,५३६ पायऱ्या. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६. म्हणजे १६ बिटच्या एकेका पायरीच्या पोटात २४ बिटच्या २५६ बारीक पायऱ्या असतात. उतरताना या बारीक पायऱ्यांचे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे.

वाण्याचा हिशेब घ्या. रोजचा जिन्नस १० रुपये ४० पैशांचा आहे आणि सुटे कोणाकडेच नाहीत. वाण्याने रोज १० रुपयेच घेतले तर त्याचे रोज ४० पैसे जातात, आणि चूक रोज त्याच बाजूला, तेवढीच होते. आता वेगळी रीत पाहा. डब्यात ०० ते ९९ पैशांच्या १०० चिठ्ठ्या ठेवायच्या, रोज डोळे मिटून एक काढायची, तिचे पैसे बिलात मिळवायचे, मग रुपयाखालचे सोडून द्यायचे. ६० ते ९९ यांपैकी चिठ्ठी निघाली तर बिल ११ रुपये होते, एरवी १० रुपये. १०० पैकी ४० चिठ्ठ्या अशा आहेत. एखाद्या दिवशीचा आकडा चुकीचा असेल, पण पुष्कळ दिवसांची सरासरी बरोबर १० रुपये ४० पैसे येते. रुपयाखाली मोजायची सोय नसतानाही ४० पैसे हिशेबात टिकले. डिदर हेच करतो : बिट कमी करण्याच्या क्षणाआधी प्रत्येक सॅम्पलमध्ये (आवाजाच्या उंचीच्या सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या मोजणीपैकी एकेकीत) एक अगदी बारीक यादृच्छिक आकडा मिसळतो.

छाटणीने नेमके काय बिघडते ते तानपुऱ्याच्या फेड-आउटमध्ये पाहावे. समजा गाणे संपले आणि तानपुरा −२० डेसिबलवरून −१०० डेसिबलपर्यंत १० सेकंदांत एकसारखा उतरवला. दर सेकंदाला ८ डेसिबल. (० डेसिबल म्हणजे फाइलमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज.) पाचव्या सेकंदाला तो −६० वर असतो. तिथे १६ बिटच्या साधारण ३३ पायऱ्या वर आणि ३३ खाली मिळतात, तेवढ्यात भागते. साडेसातव्या सेकंदाला −८० वर फक्त तीन पायऱ्या उरतात. जवारीचे ते झिरमिर स्वर तीन पायऱ्यांत काढायचे! पावणेनऊच्या पुढे एकच पायरी राहते, आणि साडेनऊच्या सुमारास तरंग अर्ध्या पायरीहूनही लहान होतो. सॉफ्टवेअर जवळच्या पायरीवर आकडा नेत असेल तर तानपुरा तिथे एकदम शून्य होतो, दिव्याचे बटण दाबल्यासारखा. सॉफ्टवेअर सरळ खालच्या पायरीवर कापत असेल तर उलट होते : उरलेला तरंग ० आणि −१ यांच्यात उड्या मारत राहतो आणि मऊ स्वराची चौकोनी, करकरीत लाट होते.

ही चूक आवाजाला चिकटून चालते म्हणून ती कानाला खुपते. स्वतंत्र खरखर असती तर कान तिला पाठीमागे टाकतो. ही मात्र स्वर बदलला की बदलते, स्वर मावळताना किरकिरते आणि नसलेले उपस्वर तयार करते. त्यातही वाईट म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वर जागाच नाही. तिथून वर जाऊ पाहणारे हे खोटे उपस्वर दुमडून खाली येतात आणि मूळ षड्जाशी कसलेही नाते नसलेल्या ठिकाणी पडतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या दाट आवाजात हे झाकले जाईल. तानपुऱ्याशेजारी ते सरळ बेसूर असते.

डिदर मिसळल्यावर ही सगळी किरकिर एका स्थिर, मंद ‘शू’ आवाजात बदलते आणि तानपुरा त्या शूमध्ये सावकाश विरत जातो, अर्ध्या पायरीच्याही खाली ऐकू येत राहतो. याची किंमत ठरलेली आहे. नेहमीच्या त्रिकोणी डिदरने (त्याबद्दल पुढे) एकूण खरखर आदर्श छाटणीच्या तुलनेत ४.७७ डेसिबलने वाढते. १६ बिटमध्ये ती पूर्ण ताकदीच्या शुद्ध स्वराहून सुमारे ९३ डेसिबल खाली बसते. एवढ्या किमतीत विकृतीचा पूर्ण बंदोबस्त होतो, हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे.

‘चांगल्या आवाजात मुद्दाम खरखर कशाला घालायची’ हा प्रश्न गायक-वादक विचारतात आणि तो रास्त आहे. त्यांना आपल्या वृत्तपत्रातले कोणतेही कृष्णधवल छायाचित्र भिंगाखाली दाखवावे. शाई फक्त काळी, मधली करडी छटा छपाईयंत्राकडे नाही. तरी चेहऱ्यावरची सावली दिसते, कारण ती ठिपक्यांनी बनलेली असते आणि लांबून डोळा सरासरी काढतो. त्या ठिपक्यांची मांडणी ठरीव असते, डिदरची यादृच्छिक, पण तत्त्व जवळचेच. डिदरचा पद्धतशीर उपयोगही आधी चित्रातच झाला. एमआयटीतील लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये दाखवले की थोड्या बिटमध्ये पाठवलेल्या चित्रावर जे पट्टे उमटतात, ते आधी खरखर मिसळल्यास नाहीसे होतात. ध्वनीसाठीचा भक्कम पाया कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जॉन व्हँडरकॉय आणि स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९८४ च्या शोधनिबंधात घातला : शेवटच्या बिटच्या खालची माहितीही टिकवता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

त्रिकोणीच का? सॉफ्टवेअरमध्ये ‘रेक्टँगल’ आणि ‘ट्रँगल’ असे पर्याय दिसतात आणि बहुतेकजण अंदाजाने काहीतरी निवडतात. रेक्टँगल म्हणजे एक फासा : प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने येतो. ट्रँगल म्हणजे दोन फाशांची बेरीज : ७ हा आकडा ३६ पैकी ६ वेळा, २ किंवा १२ जेमतेम एकेकदा, म्हणून आलेख त्रिकोणी. एका फाशाने विकृती जाते, पण खरखरीची पातळी आवाजाबरोबर कमी-जास्त होत राहते, जणू ती श्वास घेते. एकूण दोन पायऱ्या रुंदीच्या त्रिकोणी डिदरने हा श्वासही थांबतो आणि खरखर सतत एकाच पातळीवर राहते. शंका असेल तेव्हा ट्रँगल निवडावा. त्यात चुकण्याजोगे काही नाही.

आता प्रत्यक्ष क्रम. इथेच सर्वाधिक गफलती होतात. मिक्स, फेड, इक्वलायझर, रिव्हर्ब, लिमिटर (आवाजाची शिखरे ठरलेल्या मर्यादेत ठेवणारे साधन) सगळे ३२ बिट फ्लोटमध्ये किंवा निदान २४ बिटमध्ये पूर्ण करावे. काम ४८ किलोहर्ट्झमध्ये असेल आणि सीडीसाठी ४४.१ हवे असेल, तर सॅम्पल रेट आधी बदलावा. त्यानंतर लिमिटरची कमाल मर्यादा तपासावी (−१ डेसिबल ट्रू पीक, म्हणजे दोन सॅम्पलांमधल्या लाटेचेही खरे शिखर धरून, ही सुरक्षित पातळी), कारण रेट बदलल्यावर शिखरे थोडी हलतात. डिदर सगळ्यांत शेवटी. त्याच्यानंतर आवाजाला हात लावायचा नाही : फेडर नाही, नॉर्मलाइझ नाही, फेड-आउट तर मुळीच नाही. डिदरनंतर आवाज अर्ध्या डेसिबलने जरी हलवला तरी प्रत्येक सॅम्पल पुन्हा पायऱ्यांच्या मध्ये जाऊन पडते, पुन्हा छाटावे लागते, आणि आधीचे डिदर वाया जाते.

डिदरचे प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) मास्टर चॅनलवर, म्हणजे सगळा आवाज शेवटी जिथे एकत्र येतो तिथे, लावले की काम झाले, असा समज आहे. प्रो टूल्समध्ये मास्टर फेडरचे इन्सर्ट (प्लगिन लावायचे खण) फेडरच्या नंतर येतात, म्हणून तिथे शेवटच्या खणात डिदर लावणे बरोबर आहे. इतर अनेक सॉफ्टवेअरमध्ये इन्सर्ट फेडरच्या आधी असतात. तिथे मास्टर फेडर शून्यावरून जरा सरकलेला असेल तर डिदर आधी आणि आवाजातील बदल नंतर, असा उलटा क्रम होतो आणि पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. तिथे डिदर फेडरनंतरच्या खणात तरी लावावे किंवा एक्स्पोर्टच्या खिडकीतले वापरावे. लॉजिकमध्ये बाउन्सच्या खिडकीत आणि एबलटन लाइव्हमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत डिदरची यादी असते, रीपरमध्ये रेंडरच्या खिडकीत खूण करायचे चौकोन असतात. ऑडॅसिटीत ते प्रेफरन्सेसमध्ये गुणवत्तेच्या भागात दडलेले आहे. तिथे ‘हाय-क्वालिटी कन्व्हर्जन’समोरची निवड एक्स्पोर्टला लागू होते.

दुसरी नेहमीची गफलत आकड्यांची. प्लगिनवर १६ बिट निवडले आणि फाइल २४ बिटची काढली, तर मिळते २४ बिटच्या पिशवीत १६ बिटचा माल. उलट प्लगिन २४ वर आणि फाइल १६ ची काढली, तर शेवटची छाटणी डिदरविनाच झाली. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. तिसरी गफलत दुहेरी डिदरची : लिमिटरमध्ये चालू, शिवाय एक्स्पोर्टमध्येही चालू. साध्या डिदरची खरखर त्यामुळे ३ डेसिबलने वाढते. ती सहन होण्यासारखी आहे, पण विनाकारण कशाला? कुठलेतरी एकच ठेवावे.

नॉइज शेपिंगबद्दल थोडे सावध राहावे. पॉवर (POW-r), यूव्ही-२२ अशा नावांनी जे प्रकार मिळतात त्यांतले बरेचसे खरखरीचा मोठा वाटा कानाला कमी जाणवणाऱ्या पट्ट्यात, साधारण १५ किलोहर्ट्झच्या पुढे, ढकलतात. आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झदरम्यान सर्वांत तीक्ष्ण असल्याने ऐकताना १६ बिटहून अधिक शांतता जाणवते, जरी मोजमापात एकूण खरखर वाढलेली असते. थेट श्रोत्याच्या हाती जाणाऱ्या शेवटच्या सीडीसाठी हे उत्तम. पण ती फाइल पुढे कोणी पुन्हा संपादित करणार असेल, आवाज वाढवणार असेल, रेट बदलणार असेल किंवा एमपी३ करणार असेल, तर वरच्या पट्टीत साठवलेली खरखर त्या प्रक्रियांत लुडबुड करते. अशा वेळी साधा ट्रँगल बरा. ‘शांतता आली की डिदर आपोआप बंद’ अशी सोय काही प्लगिनमध्ये असते, ती मैफलीच्या सलग ध्वनिमुद्रणात बंदच ठेवावी. नाहीतर दोन चिजांमधल्या क्षणात शू आवाज तुटतो आणि ती तूट कानाला जाणवते.

डिदर कुठे नको हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. बिट कमी होत नसतील तर डिदर नको. १६ बिटची जुनी फाइल केवळ मधोमध कापून दोन करायची असेल, आवाजाला हात न लावता, तर डिदर ‘नन’ वर ठेवावे, आकडे जसेच्या तसे उतरतील. ३२ बिट फ्लोटमध्ये जतन करताना डिदर लागत नाही. ३२ वरून २४ वर येताना तत्त्वतः लावावे, त्याने बिघडत काही नाही, मात्र कानाला फरक कळणार नाही. एमपी३ किंवा एएसी करायचे असेल तर एन्कोडरला थेट २४ बिटची फाइल द्यावी. आधी १६ बिट, मग एमपी३ हा वळसा निरर्थक आहे, कारण एन्कोडर आवाज वारंवारतांच्या पट्ट्यांत मोजतो, त्याला १६ बिटच्या पायऱ्यांशी देणेघेणे नाही. गाणी इंटरनेटवर प्रसारित करणाऱ्या सेवा २४ बिट स्वीकारत असतील तर तेच द्यावे.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ढोल-ताशाच्या मुद्रणात किंवा आजच्या ठासून भरलेल्या चित्रपटगीतात डिदर लावले काय, न लावले काय, कोणाला कळणार नाही. तिथे मायक्रोफोनची आणि खोलीची स्वतःची खरखर १६ बिटच्या शेवटच्या पायरीहून कितीतरी वर असते आणि तीच डिदरचे काम करते. कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलींबाबत हाच युक्तिवाद केला जातो : टेपचा हिस आहेच की. मुद्रण जसेच्या तसे ठेवले तर तो खरा आहे. पण कॅसेट उतरवल्यावर लोक आधी नॉइज रिडक्शन लावतात, मग सुरुवात-शेवटाला फेड देतात. हिस गेला की त्याचे संरक्षणही गेले, आणि फेडच्या टोकाला तो गायनाबरोबर शून्याकडे उतरतोच. शिवाय ख्यालाच्या मुद्रणात सुरुवातीची आलापी द्रुत लयीतल्या तबल्याच्या शिखराहून खूप खाली असते. पुढे कोणी फक्त आलापीचा तुकडा काढून त्याचा आवाज २० डेसिबलने वाढवला, की छाटणीची किरकिरही २० डेसिबलने वर येते. म्हणून हा आग्रह शास्त्रीय संगीत, एकल सतार-सारंगी आणि जतनाच्या कामांसाठी सर्वांत जास्त आहे.

ज्यांना हे स्वतःच्या कानांनी पडताळायचे आहे त्यांनी ऑडॅसिटीत १० मिनिटे द्यावीत. प्रकल्प ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवून ४४० हर्ट्झचा शुद्ध स्वर ०.१ अँप्लिट्यूडने तयार करावा, म्हणजे तो −२० डेसिबलवर येतो. अँप्लिफायने दोनदा −४० करून तो −१०० वर न्यावा. डिदर ‘नन’ ठेवून १६ बिट वेव्ह काढावी, मग ‘ट्रँगल’ ठेवून दुसरी. दोन्ही परत आत घ्याव्यात. पहिलीत सपाट रेघ मिळेल, वाढवायलाच काही उरलेले नसते. दुसरी दोनदा +४० ने वाढवावी. शूच्या आतून तो ४४० चा स्वर स्वच्छ ऐकू येईल. हेडफोनचा आवाज आधी कमी करावा, कारण इतके वाढवल्यावर शू जोरात येतो. फरक याहून ढोबळपणे ऐकायचा असेल तर एखादे संथ गाणे ८ बिटमध्ये दोन्ही पद्धतींनी काढून शेवटचा फेड ऐकावा.

आपल्या हाती आलेल्या फाइलची तपासणीही करता येते. २४ बिटची मूळ आणि १६ बिटची प्रत एकाच प्रकल्पात, एकाच बिंदूपासून, एकाच सॅम्पल रेटने ठेवावी. एकीला ‘इन्व्हर्ट’ करावे, दोन्ही मिसळावे आणि जे उरेल ते सुमारे ६० डेसिबलने वाढवून, हलक्या आवाजात ऐकावे. गाण्याशी संबंध नसलेली एकसारखी शू ऐकू आली तर डिदर झाले आहे. गाण्याच्या सावलीसारखे काही खरडलेले, स्वराबरोबर हलणारे ऐकू आले, विशेषतः शेवटाला, तर फाइल छाटलेली आहे. ती परत पाठवून मूळ मिक्समधून नव्याने मागवावी. छाटलेल्या १६ बिटच्या फाइलवर नंतर डिदर लावून उपयोग नसतो, गेलेले बिट परत येत नाहीत.

म्हणून स्पर्धांचे आयोजक, संगीत मंडळे, ग्रंथालये आणि मैफलींचे जतन करणाऱ्या संस्थांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे की सूचनापत्रकातली ओळ अशी लिहावी : ‘मूळ मिक्स २४ बिटमध्ये, १६ बिटचे डिदर न लावता पाठवावे. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची प्रत हवी असल्यास सॅम्पल रेट आधी बदलून, शेवटी एकदाच ट्रँगल डिदर लावून काढावी, आणि फाइलच्या नावात तसे लिहावे.’ जतनासाठी २४ बिटची फाइलच कायम ठेवावी. एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला ४४.१ किलोहर्ट्झवर १६ बिटमध्ये सुमारे ६३५ एमबी लागतात, २४ बिटमध्ये सुमारे ९५३ एमबी. या वरच्या ३१८ एमबींचा खर्च आजच्या हार्ड डिस्कच्या भावात काढून पाहावा आणि मगच मूळ फाइल पुसायची की नाही हे ठरवावे.

आपला नम्र,
ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे